विहिरीत डिझेलचा वास: जिवाणू सोडून पाणी शुद्ध होतं का?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

हातकणंगले तालुक्यात हायवेच्या अंगाला माझ्या मामांचा दीड एकर ऊस आहे. बांधाला लागून एक ट्रान्सपोर्टचं यार्ड. यार्डात जमिनीखाली डिझेलची टाकी आहे, आपल्या गाड्या ते तिथंच भरून घेतात. टाकी किती जुनी, हे तिथल्या मॅनेजरलाही सांगता येत नाही. यंदा पाऊस दणकून झाला, विहीर काठोकाठ आली आणि मोटर सुरू केली की पाण्याला डिझेलचा वास. पृष्ठभागावर रंगीत तवंग. यार्डाच्या बाजूच्या बांधावर माती काळपट, चिकट झाली आहे, तिथं गवतसुद्धा उगवत नाही. मामींनी ते पाणी स्वयंपाकाला आणि म्हशींना बंद केलंय, ग्रामपंचायतीच्या नळावर भागवतात.

यार्डवाल्यांकडं गेलो तर उत्तर मिळालं, "हायवेवरचं तेल पावसानं वाहून आलं असेल, दोन पावसात जाईल." वर चहा पाजला.

आता एक गृहस्थ भेटलेत. त्यांच्याकडं 'तेल खाणाऱ्या जिवाणूंची' पावडर आहे. म्हणतात विहिरीत टाका, पंधरा दिवसांत पाणी निर्मळ. किंमत ऐकून मामा गप्प झाले. असले जिवाणू खरंच असतात का? टाकावी का पावडर? जाणकारांनी सांगावं.

तांबडा_पांढरा

भावा, पावडर राहू दे बाजूला. टाकी गळायची थांबली आहे का, ते आधी सांग. ती गळत असेल तर त्या विहिरीत जिवाणू सोड नाहीतर गंगाजल सोड, उपयोग एकच.

आणि चहा प्यायला नको होतास.

भूजलवेडा

शिरोलीकर, काही गोष्टी आजच करा.

विहिरीत कुणीही उतरू नका, गाळ काढायला नाही आणि मोटर दुरुस्तीलाही नाही. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेटत नाही हे खरं, पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि विहिरीच्या तोंडाशी न थांबता खाली साचते. शिवाय तेल कुजत असताना तिथला प्राणवायू संपतो. आत उतरलेला माणूस हाक मारायच्या आधी कोसळतो. काठावर विडी-काडीही नको. पाणी उकळून प्यायचा विचार कुणी मांडला तर त्याला थांबवा. उकळल्यानं जंतू मरतात, पण तेलातलं बेंझिन हे विषारी रसायन फक्त पाण्यातून उठून स्वयंपाकघराच्या हवेत येतं. तुरटी, चुना यांचाही इथं काही उपयोग नाही.

दुसरं, तवंग नक्की तेलाचाच आहे का, ते बघा. लोहावर जगणारे जिवाणूही पाण्यावर असाच सप्तरंगी पापुद्रा धरतात आणि लोक उगाच घाबरतात. एक काडी घ्या आणि तवंगातून ओढा. पापुद्रा काचेसारखा तुटून कोनाकोनाचे तुकडे वेगळे झाले आणि वेगळेच राहिले, तर तो जिवाणूंचा. काडी गेल्यावर तवंग गोल फिरत पुन्हा एकमेकाला येऊन मिळाला, तर तेल.

तिसरं, नमुना. लोक बिसलेरीच्या बाटलीत पाणी भरून लॅबला नेतात, त्यातून काहीच कळत नाही. हलके घटक प्लॅस्टिकमध्ये मुरतात आणि झाकणाखालच्या हवेत उडून जातात. लॅबकडूनच गडद काचेच्या छोट्या बाटल्या मागवा, त्यात आम्लाचे थेंब आधीच घातलेले असतात, ते धुऊन टाकू नका. बाटली अगदी ओठापर्यंत भरायची, झाकण लावून उलटी करायची आणि बोटानं टिचकी मारायची. बुडबुडा वर आला तर ती बाटली बाद. मग बर्फाच्या डब्यात ठेवून ताबडतोब लॅबला. तपासणीत एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन हे चार मागा. पिण्याच्या पाण्यात बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. आपल्या भारतीय मानकात खनिज तेलासाठी ०.५ मिलिग्रॅम. म्हणजे वास येण्याइतकं तेल असेल तर पिण्याचा विषयच संपला.

आणि कृपा करून 'विहीर खराब झाली तर बोअर मारू' असं करू नका. आपल्याकडं वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, मिसळीच्या कटासारखं वर तरंगतं, त्यामुळं सध्या ते वरच्या मुरमातच असण्याची शक्यता जास्त. तिथंच बोअर मारलात तर खालच्या चांगल्या पाण्यापर्यंत वाट तुम्हीच करून दिलीत.

शिरोलीकर

काडीचा प्रयोग केला. तवंग परत मिळतो. तेलच आहे.

एक विचारायचं होतं, उन्हाळ्यात वास अजिबात नव्हता. पाणी वाढल्यावरच का आला? यार्डवाले नेमकं हेच बोट धरतात, की बघा, पावसानं आलंय.

भूजलवेडा

यार्डवाल्यांना वाटतं तसं ते सरळ नाही. तेल पाण्याच्या पातळीवर बसतं आणि पातळीबरोबर वर-खाली होतं. मे महिन्यात पातळी खोल असते, तेल खाली मुरमात लपलेलं. पावसात पातळी चढते, तेल तिच्यावर बसून वर येतं आणि वाटेतला सगळा मुरूम माखून ठेवतं. दिवाळीनंतर पाणी उतरेल, वास कमी होईल, आणि सगळे म्हणतील 'गेलं बघा'. माखलेला मुरूम मात्र तिथंच असतो, पुढच्या पावसात पुन्हा तेच.

गळतीचा अंदाज घ्यायचा तर साधा हिशोब बघा. सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि २० थेंबांचा एक मिली धरला, तर दिवसाला चार लिटरच्या वर जातं. वर्षाला दीड हजार लिटर. रोज शेकडो लिटर डिझेल भरणाऱ्या यार्डात हे कुणाच्या डोळ्यात येणार? डिप रॉड (टाकीतलं डिझेल मोजायची काठी) घालून रोजची मोजणी आणि भरलेल्या डिझेलचा हिशोब महिनाभर समोरासमोर ठेवला तरच कळतं.

सूक्ष्मदर्शी

उशिरा बघितला धागा. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्यामुळं पावडरीच्या मूळ प्रश्नाला हात घालतो.

असले जिवाणू असतात का? असतात, आणि मामांच्या बांधावर आत्ताच आहेत. स्युडोमोनास, ऱ्होडोकॉकस, असिनेटोबॅक्टर, मायकोबॅक्टेरियमच्या काही जाती. चिमूटभर मातीत सापडतात. कारण डिझेलसारखे रेणू निसर्गाला नवे नाहीत. उसाच्या कांडीवर हात फिरवला की पांढरी भुकटी लागते ना, ते मेण आहे, लांब साखळीच्या रेणूंचं. पाला-पाचोळ्यातलं असलं मेण मातीतले जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या पचवत आलेत. डिझेल सांडलं की सुरुवातीला बाकीचे मरतात, हे मात्र वाढतात. काही आठवड्यांत त्यांची संख्या शेकडो-हजारो पटींनी चढते. कुणी न सोडता.

मग विहीर साफ का होत नाही? कारण हवा नाही. जिवाणू डिझेलच्या साखळीच्या टोकाला आधी ऑक्सिजन जोडतो, त्यातून अल्कोहोल, मग आम्ल, आणि मग दोन-दोन कार्बन तोडत शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. बेंझिनचं कडं फोडायलाही सुरुवात ऑक्सिजननंच करावी लागते. एक किलो डिझेल पूर्ण पचवायला साधारण साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. एक लिटर डिझेल म्हणजे ८३० ग्रॅमच्या आसपास, त्याला २.८ किलोच्या वर. आणि आपल्या हवामानात लिटरभर पाण्यात ऑक्सिजन विरघळून विरघळणार किती? ८ मिलिग्रॅम. भागाकार करा: एका लिटर डिझेलसाठी साडेतीन लाख लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन. विहिरीत मूठभर पावडर टाकली तर तुम्ही उपाशी पंगतीत आणखी पाहुणे आणून बसवले, इतकंच.

ऑक्सिजन संपल्यावर काम अगदी थांबतं असं नाही. मग जिवाणू नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, लोह, सल्फेट, आणि काहीच उरलं नाही की मिथेन तयार होतो. या वाटेनं टोल्युइन बऱ्यापैकी जातं, बेंझिन रेंगाळतं. लोहाचा टप्पा सुरू झाला की पाणी उपसल्यावर थोड्या वेळानं तांबूस होतं. उसाच्या पट्ट्यात विहिरीच्या पाण्यात युरियाचं नायट्रेट असतंच, ते इथं नकळत कामी येतं. म्हणून कुणी विहिरीत युरियाचं पोतं रिकामं करू नका हो! नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, एका दुखण्याच्या जागी दोन होतील.

उद्यमनगरी

सर, आदर ठेवून बोलतो. आमच्या ओळखीत एका कारखान्यानं असलं जिवाणूंचं कल्चर वापरलंय, तेलकट गाळाचा खड्डा होता, फरक पडला. अमेरिकेत तर एका भारतीय माणसानं तेल खाणारा जिवाणू बनवून पेटंट घेतलंय म्हणे. सगळंच फसवं कसं म्हणता?

सूक्ष्मदर्शी

सगळं फसवं म्हणत नाही. नीट वेगळं करूया.

तुम्ही म्हणता ते आनंद मोहन चक्रवर्ती. जनरल इलेक्ट्रिकमध्ये असताना त्यांनी तेलातले वेगवेगळे घटक पचवणाऱ्या प्लास्मिड, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या कड्या, एकाच स्युडोमोनासमध्ये आणल्या. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी पेटंटच्या बाजूनं निकाल दिला. कायद्याच्या इतिहासात फार मोठी गोष्ट. पण तो जिवाणू प्रत्यक्ष तेलगळतीवर कधी सोडलाच नाही.

कारखान्याच्या खड्ड्याचंही बरोबर आहे. रिफायनरीचा गाळ इतका दाट असतो की स्थानिक जिवाणू टिकत नाहीत, तिथं बाहेरून वाढवून आणलेले कामी येतात. आपल्याकडं टेरी या संशोधन संस्थेचं 'ऑइलझॅपर' आहे, मक्याच्या कणसाच्या भुकटीवर बसवलेलं जिवाणूंचं मिश्रण. ते तेलक्षेत्रांत आणि रिफायनरीच्या गाळावर वापरलं गेलंय, २०१० मध्ये मुंबईजवळ जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं तेव्हाही. पण तिथं माती उलथतात, खत घालतात, ओल धरतात, महिनोन्‌महिने तपासत राहतात. त्यातली नुसती पुडी उचलून विहिरीत टाकणं म्हणजे ते तंत्र नव्हे.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही बघा. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाज फुटलं, तेव्हा किनाऱ्यावर जिवाणू न सोडता नत्र-स्फुरदाचं खत फवारलं आणि तिथल्याच जिवाणूंनी वेग घेतला. १९९४ मध्ये डेलावेअरच्या किनाऱ्यावर मुद्दाम तुलना केली होती, काही पट्ट्यांत नुसतं खत, काहींत खत आणि वाढवलेले जिवाणू. जिवाणू घातल्यानं जास्तीचा फायदा दिसला नाही.

म्हणून माझं मत: मामांनी पावडरीचे पैसे टाकी तपासायला आणि लॅबला घालावेत. विकणारा माणूस आधीची आणि नंतरची लॅब-तपासणी स्वतःच्या खर्चानं करून द्यायला तयार असेल, तर मी मत बदलीन.

उद्यमनगरी

मान्य. विचारतो त्याला तपासणीचं.

बांधावरची

सर, विहिरीचं कळलं. पण बांधावरची माती काळी पडली आहे त्याचं काय? आमच्याकडं कागलला सासऱ्यांनी ट्रॅक्टरचं डिझेल सांडलेल्या जागी शेणखत घालून नांगरून टाकलं होतं, दोन हंगामांनी तिथं भुईमूग आला. ते बरोबर होतं की चुकून झालं?

सूक्ष्मदर्शी

ताई, सासऱ्यांनी पुस्तकातलंच केलं. मातीचं काम विहिरीपेक्षा सोपं, कारण मातीला हवा देणं आपल्या हातात असतं.

जास्त माखलेली माती खणून ढीग लावतात. खाली जाड प्लॅस्टिक, कडेनं छोटा बांध, वर ताडपत्री; आपल्या पावसात ताडपत्री नसली तर सगळं तेल ओढ्याला जाईल. ढीग गुडघ्याच्या वर फार नको, किंवा मग आत भोकं पाडलेले पाइप घालून हवा खेळवायची. ओल वाफशाइतकी. मुठीत दाबली की गोळा व्हावा पण पाणी सुटू नये. आठ-पंधरा दिवसांनी उलथत राहायचं.

खताचा हिशोब कार्बन, नत्र, स्फुरद १००:१०:१ असा धरतात. टनाला पाच किलो डिझेल मुरलेलं असेल, तर त्यातला कार्बन सव्वाचार किलोच्या आसपास. त्याला नत्र सव्वाचारशे ग्रॅम. म्हणजे एका टन मातीला साधारण ८५० ग्रॅम युरिया आणि २०० ग्रॅम डीएपी, तेही दोन-तीन हप्त्यांत. एकदम घातलं तर खाराचं प्रमाण वाढून जिवाणूच मरगळतात.

माती पोकळ करायला लोक बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, घालतात. घाला, पण कच्चा बगॅस स्वतःच कुजायला नत्र ओढतो, डिझेलच्या वाट्याचा युरिया तोच खातो. साखर कारखान्याच्या मळीचं, म्हणजे प्रेसमडचं, कुजलेलं कंपोस्ट किंवा जुनं शेणखत बरं. डिझेल असेल तर ३ ते ६ महिन्यांत मोठा भाग जातो, शेवटचं थोडं मात्र हट्टी असतं. पेट्रोल असतं तर ही पद्धत मी सुचवली नसती. उलथताना ते पचण्याआधी हवेतच उडून जातं, म्हणजे मातीतलं प्रदूषण आपल्या नाकात.

जुना_मेकॅनिक

एक भर घालतो. हे सगळं ताज्या डिझेलचं झालं. गॅरेजमधलं जळकं ऑइल या हिशोबात धरू नका. त्यात इंजिनाच्या झिजेचे धातू उतरलेले असतात, आणि जिवाणू कितीही हुशार असला तरी शिसं नि जस्त खाऊन नाहीसं करू शकत नाही. पूर्वी धुळा बसायला आणि लाकडाला वाळवी लागू नये म्हणून आम्हीच ते दारात शिंपडायचो. आता ते घातक कचऱ्याच्या नियमांत येतं, नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं. यार्डात गाड्यांचं ऑइलही बदलत असतील तर बांधावरच्या मातीत धातूंचीही तपासणी करून घ्या. रंग काळपट आणि चिकट म्हणताय, त्यावरून मला तरी नुसतं डिझेल वाटत नाही.

भूजलवेडा

मेकॅनिक काकांचा मुद्दा एकदम महत्त्वाचा. त्याच मातीत धातू निघाले तर ढीग लावून उपयोग नाही, ती रांजणगाव किंवा तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडंच जायला हवी.

आता विहिरीबद्दल. तरंगतं तेल आधी उचलायचं, शोषक पट्ट्यांनी किंवा वरचा थर ओढून घेणाऱ्या स्किमरनं. तेलाच्या थरावर जिवाणू काम करत नाहीत, ते पाण्यात विरघळलेल्या आणि मातीला चिकटलेल्या अंशावर करतात. मग हवा देणं. परदेशातली पुस्तकं वाळूचे थर गृहीत धरून लिहिलेली. पाण्याच्या पातळीखाली बारीक पाइपानं हवा सोडली की बुडबुडे वाळूतून पसरत वर येतात, असं त्यात चित्र असतं. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, हवा एखादी फट पकडते आणि सरळ निघून जाते, शेजारच्या दगडाला ती लागतच नाही. काळ्या मातीत तर आणखी गंमत, पावसात फुगून हवा आतच शिरत नाही आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यातून सांडलेलं डिझेल थेट मुरमाला भेटतं.

म्हणून इथं व्यवहार्य वाटतं ते असं: विहीर हळूहळू उपसत राहायची, म्हणजे आजूबाजूचं दूषित पाणी विहिरीकडंच येतं आणि दुसरीकडं पसरत नाही. उपसलेलं पाणी तेल वेगळं करणाऱ्या टाकीतून, मग हवा मारून, मग सक्रिय कोळशातून. कोळसा भरला की बदलावा लागतो, हे विसरून चालत नाही. हे काम सांगलीच्या बाजारातनं पंप आणून स्वतः करण्यासारखं नाही, आणि ते पाणी उसाला सोडण्यासारखंही नाही. खर्च ज्याची टाकी त्याचा.

आसपासच्या सगळ्या विहिरी आणि बोअर तपासा. पाषाणात फटी जातील तसं पाणी जातं. शेजारची विहीर स्वच्छ आणि दोन शेतं पलीकडची खराब, हे मी पाहिलंय.

तांबडा_पांढरा

आता माझ्या प्रांतातलं. तोंडी भांडण बंद कर, कागद सुरू कर.

ग्रामपंचायत आणि तलाठ्याकडं लेखी अर्ज, पोच घेऊन. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात तक्रार, पंचांसमोर नमुना घ्या म्हणून स्पष्ट मागणी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेलाही प्रत. टाकी हजार लिटरपेक्षा मोठी असेल तर पेट्रोलियम सुरक्षा खात्याचा, म्हणजे पेसोचा, परवाना लागतो. माहिती अधिकारात तो मागव, बऱ्याचदा खरं उत्तर तिथंच निघतं.

वेळेचं भान ठेव. हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. पर्यावरणाच्या वादासाठी अर्जाची मुदत कारण घडल्यापासून सहा महिने, भरपाई आणि जागा पूर्ववत करून मागायला पाच वर्षं. 'दोन पावसात जाईल' असं म्हणणाऱ्याला हे गणित चांगलं माहीत असतं.

आणि माती त्या आधी हलवू नकोस. तो पुरावा आहे.

पंचगंगाकाठ

विषयाला थोडं सोडून, पण आपल्या गावासाठी लागू आहे म्हणून. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३. २०२१ ला पुन्हा पूर, हायवे बंद. पुरात जमिनीखालची रिकामी टाकी पाण्यावर तरंगायला बघते, माती फोडून वर उचलली जाते आणि तिचे पाइप तुटतात. त्या यार्डाची टाकी पूरपट्ट्यात असेल आणि काँक्रीटनं बांधलेली नसेल, तर गळती कदाचित तेव्हापासूनची असेल. विचारून बघा.

बांधावरची

अजून एक शंका. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आपल्याच कारखान्यांचं. ते सांडलं तर बरं की वाईट? ऊसवाल्यांना चांगलं ऐकायला आवडेल. 🙂

सूक्ष्मदर्शी

ऊसवाल्यांची क्षमा मागून सांगतो, भूजलाच्या दृष्टीनं जरा वाईट. इथेनॉल स्वतः झटकन पचतं, पण जिवाणू आधी त्याच्यावरच तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन तिथंच संपवतात. बेंझिनची पाळी येईपर्यंत हवा शिल्लक नाही, त्यामुळं ते आणखी लांब वाहत जातं. हवेच्या प्रदूषणाचं गणित वेगळं, त्यात मी पडत नाही.

शिरोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी प्रगती.

तक्रार दिल्यावर मंडळाचे अधिकारी आले, पंचांसमोर नमुने घेतले, भूजलवेडा म्हणाले तशाच काचेच्या बाटल्या होत्या. मी टिचकी मारून बघतोय म्हटल्यावर ते हसले. यार्डाची टाकी रिकामी करायला लावली आहे. भरायच्या पाइपाचा जोड जमिनीखाली पूर्ण गंजलेला निघाला, टाकीचं अजून बघायचंय. पुराबद्दल विचारलं, २०२१ ला यार्डात कमरेएवढं पाणी होतं.

पंधरा दिवसवाल्या गृहस्थांना लॅब-तपासणीची अट सांगितली. त्यानंतर फोन उचलत नाहीत.

मामा विचारतात, एवढं करून विहीर पहिल्यासारखी कधी होईल?

सूक्ष्मदर्शी

मामांना खोटी आशा देऊ नका. अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजीजवळ १९७९ मध्ये पाइपलाइन फुटून कच्चं तेल सांडलं. बरंचसं उचललं, उरलेलं जमिनीत राहिलं. १९८३ पासून तिथले भूवैज्ञानिक त्या जागेचा अभ्यास करताहेत. विरघळलेलं बेंझिन फार दूर पसरू शकलं नाही, कारण जिवाणू कडेकडेनं ते खात राहिले. पण पाण्यावरचं तेल दशकं उलटली तरी आहे. तिथं थंडी आणि कच्चं तेल, इथं ऊन आणि डिझेल, त्यामुळं आपला वेग जास्त असेल. गळती थांबली आणि तरंगतं तेल उचललं, तर काही वर्षांची गोष्ट. पिण्यासाठी मात्र ती विहीर धरूच नका.

लॅबला पुढच्या वेळी तेलाबरोबर विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, लोह आणि सल्फेटही मोजायला सांगा. यार्डाच्या बाजूच्या आणि लांबच्या विहिरीची तुलना करा. लांबच्या विहिरीत ऑक्सिजन, नायट्रेट चांगले आणि मामांच्या विहिरीत ते संपलेले, लोह वाढलेलं, असं दिसलं तर जिवाणू कामाला लागलेत याचा तो पुरावा. निव्वळ तेलाचा आकडा कमी झाला तर तो पावसानं पातळ झालाय की पचलाय हे कळत नाही.

भूजलवेडा

आणि नमुने एकदा आत्ता, एकदा मेच्या शेवटी, पाणी सगळ्यात खाली असताना. दोन्ही वेळा काठापासून पाणी किती फुटांवर आहे ते लिहून ठेवा, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही. फूटपट्टीची दोरी मी देतो, शिरोलीला येणं होतंच.

शिरोलीकर

या की मग, रविवारी. मामा म्हणालेत जेवूनच जायचं. पाणी नळाचं असेल.